वाचक विचारतात : आयनांबरातली शीळ आणि उपग्रहाचे कान

गेल्या अंकात आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित कणांच्या थरातल्या नैसर्गिक रेडिओ लहरींवर एक छोटं टिपण छापलं होतं. या लहरी ‘आयनांबरात तयार होतात’ असं त्यात म्हटलं होतं. त्यावर नाशिक शहरातून आणि तालुक्यांतून पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतल्या निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत. आकडेमोड मुद्दाम उघडी ठेवली आहे, म्हणजे ज्याला हवं त्यानं वहीवर पडताळून पाहावं.

प्रश्न : आयनांबरात ना अँटेना, ना ट्रान्समीटर. मग तिथे रेडिओ लहरी सोडतं कोण? आणि त्यांना ‘आवाज’ का म्हणतात?
(विद्यार्थिनी, कॉलेज रोड)

उत्तर : ‘आयनांबरात तयार होतात’ हे आमचं वाक्य अर्धंच बरोबर होतं. यातल्या बऱ्याच लहरी एकतर खाली, आपल्या हवेत जन्मतात, नाहीतर हजारो किलोमीटर वर. आयनांबर ही त्यांची वाट आहे, आणि या वाटेवर त्यांचं रूप पालटतं.

खालचा उगम म्हणजे वीज. वैशाखात संध्याकाळी इगतपुरीकडे वळीव कोसळतो, तेव्हा विजेचा प्रत्येक लोळ रेडिओ लहरींचा एक तडाखा देतो. त्याचा जोर साधारण ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास सर्वांत जास्त असतो. बहुतेक ऊर्जा जमीन आणि आयनांबर यांच्या मधल्या पोकळीतून दूरवर जाते, पण थोडी वर झिरपते. आयनांबरातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे तिथे वरची वारंवारता लवकर पुढे सरकते आणि खालची मागे रेंगाळते. त्यामुळे निघताना असलेली ‘टिक्’ पोचेपर्यंत लांबते आणि वरच्या पट्टीतून खाली घसरणारी शीळ होते. तिलाच व्हिसलर म्हणतात. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या टेलिफोनवर पाळत ठेवताना जर्मन शास्त्रज्ञ बार्कहाउझेन यांना या शिळा ऐकू आल्या होत्या. त्यांचं नीट स्पष्टीकरण ओवेन स्टोरी यांनी १९५३ मध्ये दिलं.

वरचा उगम म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन. ‘कोरस’ नावाच्या लहरी त्यांच्यापासूनच निघतात. त्या स्पीकरला जोडल्या तर पहाटे पिंपळावर जमलेल्या पाखरांच्या किलबिलाटासारख्या वाटतात, आणि गंमत म्हणजे पृथ्वीच्या पहाटेच्या बाजूलाच त्या जास्त सापडतात. ‘हिस’ म्हणजे सलग फुसफुस, साधारण १०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झ या पट्ट्यातली. या सगळ्या विद्युतचुंबकीय लहरी आहेत, ध्वनी नव्हेत. वारंवारता आपल्या कानाच्या टप्प्यात पडते, म्हणून अँटेनातून आलेला प्रवाह थेट स्पीकरला दिला की ऐकू येतं, इतकंच.

प्रश्न : जमिनीवर साध्या रिसीव्हरनं शिळा ऐकता येतात, तर उपग्रह पाठवण्याचा खटाटोप कशाला?
(निवृत्त शिक्षक, देवळाली कॅम्प)

उत्तर : कारण वरचं बहुतेक वरच राहतं. शाळेतला पूर्ण आंतरिक परावर्तनाचा धडा आठवा. पाण्यातून हवेत येणारा किरण सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त तिरपा असेल तर बाहेर पडत नाही, परत पाण्यात वळतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. आता ५ किलोहर्ट्झच्या लहरीसाठी आयनांबराचा किती ते काढू.

रात्री दर घनसेंटिमीटरला १ लाख इलेक्ट्रॉन आहेत असं धरा. या संख्येचं वर्गमूळ घ्या आणि ९ नं गुणा. उत्तर किलोहर्ट्झमध्ये येतं : सुमारे २,८५०. ही प्लाझ्माची, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूची, वारंवारता. नाशिकवर ६००-७०० किलोमीटर उंचीला इलेक्ट्रॉनची चुंबकीय घिरट्यांची वारंवारता साधारण ९०० किलोहर्ट्झ असते. ५ आणि ९०० यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ ६७. २,८५० ला ६७ नं भागलं की अपवर्तनांक मिळतो : ४२. म्हणजे हवेत ६० किलोमीटर लांबीची लहर तिथे आखडून दीड किलोमीटरच्या आत येते. आणि ४२ अपवर्तनांकाला बाहेर पडण्याचा कोन उरतो जेमतेम १.४ अंश. जी लहर जवळजवळ ओळंब्यानं खाली येते तीच जमिनीवर उतरते. बाकीच्या वरूनच माघारी वळतात. दिवसा तर त्यात ६० ते ९० किलोमीटरवरचा ‘डी’ थर भर घालतो आणि उरलेली ऊर्जाही शोषून घेतो.

काही लहरींना तर इतकीही फट मिळत नाही. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यावर, काही हजार किलोमीटर उंचीवर साधारण ५० ते ७०० किलोहर्ट्झचं जबरदस्त उत्सर्जन होतं. त्याची वारंवारता आपल्या डोक्यावरच्या २,८५० किलोहर्ट्झच्या झाकणापेक्षा बरीच कमी, म्हणून ते झाकणावर आपटून अवकाशात परततं. आपल्या ग्रहाचं हे सर्वांत ताकदवान नैसर्गिक रेडिओ उत्सर्जन माणसाला कळलं ते उपग्रहांमुळेच.

सुरुवात मात्र योगायोगानं झाली. १९५९ मध्ये सोडलेल्या व्हॅनगार्ड-३ वर चुंबकीय क्षेत्र मोजायचं उपकरण होतं आणि त्याच्या वेटोळ्यात शिळा आपसूक उमटल्या. पुढे कॅनडाचा अलुएत-१ हा उपग्रह २९ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे १,००० किलोमीटरच्या कक्षेत गेला. त्यानं एक नवाच घोष पकडला. त्याची खालची कड सुरीनं कापल्यासारखी सरळ असते, आणि ही कड कुठे पडते त्यावरून तिथले आयन हलके की जड ते कळतं. वरचा ९०० चा आकडा धरला तर दाट प्लाझ्मात नुसत्या ऑक्सिजन आयनांसाठी कड ५ किलोहर्ट्झच्या आसपास येते, नुसत्या हायड्रोजनसाठी २१ च्या आसपास. नमुना हातात न घेता मिश्रण ओळखायची इतकी स्वस्त युक्ती क्वचितच सापडते.

प्रश्न : डेमेटर उपग्रहाच्या नाशिकवरून गेलेल्या फेऱ्यांचे स्पेक्ट्रोग्राम (आडवी वेळ, उभी वारंवारता असे आलेख) काढून पाहिले. आडव्या रेषाच रेषा, शीळ एकही नाही. चुकतंय कुठे?
(अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सिन्नर)

उत्तर : बहुधा तुम्ही चुकीच्या प्रकारची फाइल उघडली आहे. डेमेटर हा सुमारे १३० किलोचा फ्रेंच उपग्रह. जून २००४ मध्ये सुटला, आधी ७१० आणि मग ६६० किलोमीटर उंचीवर फिरला आणि डिसेंबर २०१० मध्ये थांबला. तो दोन पद्धतींनी नोंद करायचा. नेहमीच्या नोंदीत २० किलोहर्ट्झपर्यंतच्या पट्ट्याचे फक्त सरासरी वर्णपट साठवले जात, सुमारे दोन-दोन सेकंदांचे. निवडक प्रदेशांवर मात्र ‘बर्स्ट’ नोंद चालू व्हायची आणि तीत सेकंदाला ४०,००० नमुन्यांनी मूळ तरंगरूप मिळायचं. दोन सेकंदांच्या सरासरीत शीळ दिसणार नाही, ती विरघळून जाते. म्हणून आधी फाइल बर्स्टची आहे का ते बघा.

बर्स्टची असूनही शीळ दिसत नसेल तर खिडकी, म्हणजे एका वर्णपटासाठी एका वेळी घेतलेल्या नमुन्यांची संख्या, तपासा. २०४८ नमुन्यांची खिडकी म्हणजे ५१ मिलिसेकंद, वारंवारतेचं विभेदन १९.५ हर्ट्झ. पुस्तकातल्या आकृत्यांमध्ये शीळ सेकंदभर लांब दिसते, कारण ती एका गोलार्धातून दुसऱ्या गोलार्धात गेलेली असते. तुमच्या उपग्रहापर्यंत मात्र ती फक्त ६००-७०० किलोमीटर चढून येते. ९ किलोहर्ट्झ आणि ४ किलोहर्ट्झ यांच्या आगमनात रात्री ३०-३५ मिलिसेकंदांचं अंतर पडलं तरी बरंच. म्हणजे अख्खी शीळ तुमच्या एकाच खिडकीत मावली आणि उभी रेघ होऊन बसली. खिडकी ५१२ नमुन्यांची करा (१२.८ मिलिसेकंद), लगतच्या खिडक्या तीन-चतुर्थांश एकमेकींवर चढवा, म्हणजे दर ३.२ मिलिसेकंदांना एक पट्टी मिळेल. विभेदन ७८ हर्ट्झपर्यंत ढासळेल, ते चालवून घ्या.

शीळ सापडली की तिच्यावर चार-पाच बिंदू घ्या. आडव्या अक्षावर वारंवारतेच्या (हर्ट्झमधल्या) वर्गमुळाचा व्यस्त, उभ्या अक्षावर वेळ. बिंदू सरळ रेषेत बसले तर ती खरी शीळ. रेषेचा चढ म्हणजे तिचा विक्षेपणांक. वरच्या उदाहरणात ९,००० आणि ४,००० हर्ट्झसाठी आडवी किंमत ०.०१०५ आणि ०.०१५८, फरक ०.००५३. वेळेचा फरक ०.०३२ सेकंद असेल तर विक्षेपणांक ६. वाटेत इलेक्ट्रॉन जितके दाट तितका हा आकडा मोठा, म्हणून दिवसाच्या शिळा रात्रीच्या शिळांपेक्षा जास्त ताणलेल्या असतात. बिंदू वाकडे गेले तर आधी वेळ मोजण्यातली चूक शोधा. नवा शोध लागल्याची शक्यता सगळ्यांत शेवटी.

आता त्या आडव्या रेषा. यांत तीन टोळ्या आहेत. पहिली पाणबुड्यांसाठीच्या ट्रान्समीटरांची. आपल्याकडून जाणाऱ्या फेरीत तमिळनाडूतल्या विजयनारायणमचं भारतीय नौदलाचं केंद्र १८.२ किलोहर्ट्झवर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातलं १९.८ किलोहर्ट्झवर ठळक दिसतं. दुसरी टोळी वीजवाहिन्यांची : ५० किंवा १०० हर्ट्झच्या समान अंतरानं ओळीत उभ्या राहिलेल्या बारीक रेषा. तिसरी उपग्रहाच्या स्वतःच्या पोटातली. पॉवर सप्लायचं स्विचिंग, बॅटरीचं चार्जिंग, दिशा सावरणाऱ्या चुंबकीय कॉइलना मिळणारे झटके, हे सगळं अँटेनाच्या हातभर अंतरावर चालू असतं. म्हणूनच अशा उपग्रहांवर मोजणीच्या दांड्या लांब काढतात आणि चुंबकीय संवेदक मुख्य सांगाड्यापासून दूर, दांडीच्या टोकाला बसवतात.

टोळी ओळखायची कसोटी अशी. फक्त नाशिकवरचा तुकडा पाहत बसू नका. तीच फेरी ध्रुवाकडच्या टोकापासून दक्षिणेपर्यंत सलग काढा. जी रेषा सह्याद्रीवर आणि निर्जन महासागरावर सारख्याच उंचीची आणि सारख्याच जोराची राहते, ती उपग्रहाची. जी एका ठिकाणाजवळ फुगते आणि दूर जाता विझते, ती ट्रान्समीटरची. ट्रान्समीटरची रेषा भूचुंबकीय विषुववृत्तापलीकडे आरशातल्या जागीही पुन्हा फुगू शकते, तिला दुसरं केंद्र समजू नका. नैसर्गिक उत्सर्जनाच्या कडा सहसा मऊ असतात आणि अक्षांशाबरोबर वर-खाली सरकतात.

दुसरी कसोटी विद्युत आणि चुंबकीय संवेदकांची जुळणी. वर काढलेला अपवर्तनांक ४२ इथे परत कामी येतो. शिळेच्या प्रकारच्या लहरीत विद्युतक्षेत्र मीटरला १०० मायक्रोव्होल्ट असेल तर चुंबकीय क्षेत्र सुमारे १४ पिकोटेस्ला हवं. विद्युत संवेदकात जोरदार आणि चुंबकीय संवेदकात काहीच नाही, असं असेल तर ती एकतर स्थिरविद्युत प्रकारची लहर आहे किंवा कचरा.

वेळेचा घोटाळाही नेहमीचाच. डेमेटर स्थानिक सौर वेळेनुसार साधारण सकाळी साडेदहा आणि रात्री साडेदहाला यायचा. नाशिकची सौर वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या ३५ मिनिटं मागे आहे. म्हणजे रात्रीची फेरी घड्याळात ११ वाजून ५ मिनिटांच्या सुमाराची आणि फाइलमध्ये जागतिक वेळेनुसार १७:३५ च्या आसपासची. शोध रात्रीच्या फेऱ्यांतच घ्या, महिने एप्रिल-मे किंवा परतीच्या पावसाचे. शिवाय रोजची फेरी नाशिकवरूनच जाते असं नाही. एका प्रदक्षिणेला सुमारे ९९ मिनिटं, तेवढ्यात पृथ्वी जवळपास २५ अंश फिरते. आपल्या अक्षांशावर दोन लगतच्या फेऱ्यांत २,६०० किलोमीटरचं अंतर पडतं. नाशिकपासून ५०० किलोमीटरच्या आतली फेरी मिळाली तरी कामाची धरा, वीज तेवढ्या दुरूनही पोचते.

प्रश्न : आमच्या द्राक्षबागेत मोकळी जागा आहे. घरी बनवलेल्या रिसीव्हरनं शिळा ऐकू येतील का?
(शेतकरी, दिंडोरी तालुका)

उत्तर : शिळेचा भरवसा देत नाही. नाशिकचा भूचुंबकीय अक्षांश जेमतेम ११-१२ अंश. इथून निघणारी चुंबकीय बलरेषा अडीचशे-तीनशे किलोमीटरच वर चढते आणि मालदीवच्या आसपासच्या समुद्रात उतरते. लांब शीळ घडायला लागणारी उंच वाट आपल्याकडे नाही. भारतात शिळांच्या नोंदी झाल्या त्या मुख्यतः गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी अशा उत्तरेकडच्या ठिकाणी. पण तुम्हाला दुसरी गोष्ट हमखास मिळेल : ट्वीक. रात्री दूरच्या विजेचा ‘टिक्’ जमीन आणि आयनांबर यांच्यात उसळ्या मारत येतो, तेव्हा त्याला ‘टिंव्’ अशी शेपटी फुटते. शेपटी जिथे थांबते त्या वारंवारतेवरून छताची उंची निघते : ३ लाखाला त्या हर्ट्झच्या दुपटीनं भागा. १,७०० हर्ट्झ आले तर ८८ किलोमीटर, १,८०० आले तर ८३. बागेत बसून आयनांबराचा तळ मोजता येतो, हे काही कमी नाही.

सामान थोडं. दीड मीटरची उभी दांडी किंवा तार, जे-३१० किंवा २एन३८१९ जातीचा एक एफईटी (गेट, सोर्स आणि ड्रेन असे तीन पाय असलेला ट्रान्झिस्टर), गेट आणि जमीन यांच्यामध्ये १० मेगाओहम, दांडी आणि गेट यांच्यामध्ये १०० किलोओहम, सोर्स आणि जमीन यांच्यामध्ये ४.७ किलोओहम, ड्रेनला ९ व्होल्टची बॅटरी. सोर्सवरून १ मायक्रोफॅरडमधून सिग्नल काढून रेकॉर्डरच्या लाइन-इनला द्या. अर्थिंगला फूट-दीड फुटाची लोखंडी सळई ओल्या मातीत ठोका. १० मेगाओहम हा आकडा बदलू नका. दीड मीटर दांडीची धारिता सुमारे १५ पिकोफॅरड. दोन्ही मिळून १ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं दाबतात आणि ५० हर्ट्झचा गुणगुणाट वीसेक पटींनी कमी होतो. १०० किलोओहम मीडियम वेव्ह रेडिओला बाहेर ठेवतो. तो गाळला तर शिळेऐवजी बातम्या ऐकू येतील. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर, वेव्ह फाइलमध्ये. एमपी३ नको, आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद.

बिघडतं ते जागेमुळे. मांडवाच्या तारांखाली दांडी उभी केली तर विद्युतक्षेत्र तारांवरच अडतं, खाली काही पोचत नाही. ओलं झाडही तेच करतं. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतर ठेवा. पंपाचा वेग बदलणारा व्हीएफडी ड्राइव्ह आणि सोलर पंपाचा कंट्रोलर यांचं स्विचिंग नेमकं आपल्याच पट्ट्यात येतं, आणि त्यावर कुठलाही फिल्टर चालत नाही. शेतीची थ्री-फेज लाइट रात्रपाळीला असेल ते दिवस सोडा. ११ केव्हीच्या लाइनपासून किमान अर्धा किलोमीटर लांब जा. जमत नसेल तर पेठ किंवा हरसूलकडच्या पठारावर एक रात्र काढा, फरक लगेच कळेल. आणि वळीव डोक्यावर असताना उघड्यावर दांडी धरून कुणीही उभं राहू नये. आपल्याला दूरची वीज हवी आहे.

प्रश्न : दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडे अधूनमधून धक्के बसतात. अशा उपग्रहांवरून भूकंपाचा इशारा मिळतो, असं व्हॉट्सअॅपवर फिरतं आहे. खरं काय?
(अनेक वाचक)

उत्तर : इशारा मिळत नाही. डेमेटर मुळात भूकंपाशी संबंध शोधण्यासाठीच सोडला होता, आणि एक सांख्यिकीय खूण सापडलीही. ४.८ तीव्रतेच्या किंवा त्याहून मोठ्या आणि ४० किलोमीटरपेक्षा कमी खोलीच्या भूकंपांआधी, शून्य ते चार तासांत, फक्त रात्रीच्या नोंदींत, १.७ किलोहर्ट्झच्या आसपास लहरींचा जोर किंचित घटलेला दिसला. हे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. १.७ हा आकडा ओळखीचा वाटला असेल : वर ट्वीकची शेपटी जिथे थांबते तोच. म्हणजे छताच्या उंचीत काही सूक्ष्म बदल होत असावा, अशी एक शंका घेता येते. पण ही घट हजारो भूकंपांच्या नोंदी एकावर एक रचल्यावर दिसते. एकट्या भूकंपाआधीची घट रोजच्या चढउतारात बुडून जाते, कारण वीज, ऋतू आणि सूर्य हे सगळे त्याहून मोठे चढउतार घडवतात. चीननं २ फेब्रुवारी २०१८ रोजी सोडलेला झांगहेंग-१ हेच काम पुढे नेतो आहे, तोही तारीख-वार सांगत नाही. आपल्याकडचे धक्के तर बहुतेक या मर्यादेपेक्षा पुष्कळ लहान. त्यांच्यासाठी नाशिकच्या मेरी (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेच्या भूकंपमापकाची नोंद बघावी. तारीख-वेळ असलेला मेसेज आला तर पुढे पाठवू नये.

प्रश्न : या लहरींमुळे फवारणीच्या ड्रोनचं जीपीएस चुकतं का?
(ड्रोनचालक, निफाड)

उत्तर : नाही. जीपीएसची मुख्य वारंवारता १,५७५.४२ मेगाहर्ट्झ, शिळा आणि कोरस त्याच्या दहा हजाराव्या भागाइतक्याही वारंवारतेवर नसतात. चूक होते ती आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांमुळे. उपग्रहापासून तुमच्यापर्यंतच्या एक चौरस मीटरच्या उभ्या स्तंभात १० चा सोळावा घात इतके इलेक्ट्रॉन वाढले की अंतर १६ सेंटिमीटरनं जास्त भासतं. त्यात सूर्य मावळल्यापासून मध्यरात्रीपर्यंत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आयनांबरात बुडबुडे उठतात आणि सिग्नल लुकलुकतो. आरटीकेचं, म्हणजे बेस स्टेशनच्या मदतीनं जागा सेंटिमीटरपर्यंत अचूक ठरवण्याचं, फिक्स सुटतं ते तेव्हा. पहाटेची फवारणी या वेळेत येत नाही. तरी पहाटे फिक्स सुटत असेल तर बेस स्टेशनची अँटेना शेडच्या पत्र्याला लागून तर नाही ना, ते आधी पाहा.